मूल रुळायला वेळ लागतो, तो वेळ कुणाचा?

(बालवाडी-अंगणवाडीतल्या बायकांच्या मेळाव्यातील भाषणाचा संक्षेप)



जून आला की अंगणवाडीच्या दारात रोजचंच दृश्य. तीन वर्षांचं पोर आईचा पदर सोडत नाही, आईला कामाची घाई. मग आपणच म्हणतो, "तू जा गं, त्याचं लक्ष नाही तोवर." आई गुपचूप सटकते. मूल वळून बघतं तर आई नाही! दुसऱ्या दिवशी ते गल्लीच्या तोंडापासूनच रडत येतं. नजर हटली की आई नाहीशी होते, एवढंच ते शिकलेलं असतं.

म्हणून सांगून जायचं. रडलं तरी सांगून जायचं. "बारा वाजता येते" हे त्याला कळत नाही. "खिचडी खाऊन झाली की येते" हे कळतं. आणि मग खरंच तेव्हा यायचं. पहिले काही दिवस तासभरच ठेवावं. घरचं माणूस आधी शेजारी, मग दाराशी, मग बाहेर. सोबत आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असला तरी चालेल. पाण्याला, शूला घरी काय म्हणतात ते विचारून घ्या. पावरी किंवा वारली बोलणाऱ्या पोराला आपली पुस्तकी मराठी परकीच असते. आणि जे अजिबात रडत नाही, कोपऱ्यात गप्प बसतं, त्याला आपण 'शहाणं' म्हणतो. त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.

आता तुम्ही म्हणाल, धुणीभांडी करणारी बाई आठ दिवस दाराशी कशी बसेल? खाडा झाला की पैसे कापतात. बरोबर आहे. पण 'घरचं माणूस' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आईच का येते? बाप, काका, आजोबा काही परगावी गेलेले नसतात.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी. रुळायचं होतं ते शाळेने! १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, सरकारने नाव घेतलं. अंगण मात्र मागे राहिलं.

आज सेविकेने वजनं घ्यायची, आहार वाटायचा, मोबाईलवर नोंदी भरायच्या, आणि रडणारं पोर कडेवरही घ्यायचं. मिळतं काय, तर मानधन. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही कोर्टाची पायरी चढल्यावर. पोराला जवळ घेण्याचा रकाना कुठल्याच नोंदवहीत नाही, म्हणून ते काम धरलंच जात नाही.

तेव्हा दोन ठराव मांडते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सेविका-मदतनिसांना सर्वेक्षण नको, बैठका नकोत. नव्या मुलांसाठी त्या मोकळ्या हव्यात. आणि घरकामगार संघटनेने त्याच पंधरवड्यात आयांना तासभर उशिरा येण्याची मुभा, पगार न कापता, मागावी. दुसऱ्यावर वाद होईल, माहीत आहे. चहाआधीच तो घेऊ या.