डॉक्टरांनी कळवलं, ते बरं झालं



रौप्यमहोत्सवात गोड आठवणी सांगायच्या असतात. मी मात्र आज एक लपवलेली गोष्ट सांगणार आहे. हिची परवानगी घेतली आहे.

२०१९ साली हिला फुप्फुसाचा क्षयरोग झाला. निदान ऐकल्यावर मी औषधांचं काहीच विचारलं नाही. म्हणालो, "डॉक्टर, नाव कुठे कळवू नका. सोसायटीत तोंड दाखवता येणार नाही."

ते शांतपणे म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत होतात ना? दहा लाखांवर रोकड आली की वर कळवत होतात ना?" मी गप्प. खातेदार चोर आहे म्हणून नव्हे, नियम आहे म्हणून आम्ही कळवत असू.

इथेही तसंच आहे. मे २०१२ पासून क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण आरोग्य खात्याला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्रयोगशाळा आणि औषधविक्रेत्यांवरही ही जबाबदारी स्पष्टपणे टाकली. न कळवणाऱ्याला तेव्हाच्या दंडविधानाची २६९ आणि २७० ही कलमं लागू शकत होती. म्हणजे मी डॉक्टरांना चक्क गुन्हा करायला सांगत होतो!

डॉक्टरांनी कळवलं. नाव आरोग्य खात्याकडे गेलं, आपल्या नोटीस बोर्डावर नाही. आरोग्य कर्मचारी घरी आला. आमच्या चार वर्षांच्या नातवाची तपासणी झाली, त्याला प्रतिबंधक औषध सुरू झालं. हिच्या खात्यात पोषणासाठी महिना ५०० रुपये येऊ लागले. सहा महिन्यांत ही ठणठणीत झाली.

पण एक चूक सांगायलाच हवी. "घरात रोज आणखी कोण येतं?" असं त्याने विचारलं, तेव्हा पोळ्यांच्या मावशींचं नाव मी सांगितलं नाही. पुढे हिनेच त्यांना सगळं सांगून तपासणीला पाठवलं. त्या निरोगी निघाल्या, हे आमचं नशीब. माझा शहाणपणा नव्हे.

हा आजार ताटवाटीने पसरत नाही. औषधं नीट सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. तेव्हा दोन आठवड्यांवर खोकला टिकला, तर तपासून घ्या. डॉक्टरांना लपवायला सांगू नका. आणि शेजारी कुणी आजारी असेल, तर दार लावून घेऊ नका. डबा घेऊन जा.