तारखांमधले दिवस
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



घटस्फोटाच्या दाव्याविषयी मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. असली गोष्ट चारचौघींत कशी काढावी? पण आपल्या करवीरात शाहू छत्रपतींनी १९१९ सालीच घटस्फोटाचा कायदा केला. त्यांनी बाळगला नाही तो संकोच आपण आज का बाळगावा?

माझा दावा सात वर्षे चालला. पहिली तीन वर्षे मी नुसती तारखांची वाट पाहण्यात घालविली. तारीख जवळ आली की घास उतरेना, पुढे गेली की झोप येईना. रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात उलटतपासणीला उत्तरे देत असे. एकदा मुलीने विचारले, "आई, दावा संपल्यावर तू हसशील ना ग?" मी चपापले.

मग काही नियम केले. कागदपत्रे एका पिशवीत ठेवली. ती रविवारी सकाळी तासभरच उघडायची. तिकडच्या चिठ्ठीला रागाच्या भरात त्याच दिवशी उत्तर द्यायचे नाही. मुलीच्या हाती निरोप धाडायचा नाही, तिच्यासमोर तिच्या वडिलांना नावे ठेवायची नाहीत. हा शेवटचा नियम माझ्याकडून कितीदा तरी मोडला. संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मात्र चुकविली नाही.

डॉ. रखमाबाईंच्या चरित्राने तेव्हा फार धीर दिला. नवऱ्याने १८८४ साली मुंबईत त्यांच्यावर दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने फर्माविले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. दावा चालू असतानाच त्या वृत्तपत्रात स्त्रियांची बाजू मांडीत होत्या. पुढे विलायतेत वैद्यक शिकून त्यांनी सुरतेस रुग्णसेवा केली.

वकिलाच्या खर्चाने खचलेल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे, उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

माझ्या तारखांना शेजारच्या काकू सोबत येत. दाव्याबद्दल त्या चकार शब्द काढीत नसत. डबा घेऊन बाकावर बसत, दुपारी म्हणत, "चल, दोन घास खाऊन घे." मंडळाने एवढेच करावे. जिची तारीख असेल, तिच्याबरोबर आपल्यापैकी एकीने जावे. पहिले नाव माझे लिहून घ्या.