बाटली आडवी झाल्यानंतर



कोरेगांव तालुक्याचें नांव निघालें म्हणजे प्रथम आठवतो तो तेथील वाघ्या घेवडा. पिकाचे पैसे घरीं येतात तो दिवस शेतकऱ्याला सणासारखा. परंतु ज्या घरांत दारूनें पाऊल टाकलें आहे, तेथें तोच दिवस गृहिणीच्या धास्तीचा असतो.

या शत्रूशीं सातारा जिल्ह्याची झुंज जुनी आहे. 1943 ते 1946 या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारानें गांवोगांवीं न्यायदानाबरोबर दारूबंदीचेंही कार्य चालविलें. हल्लींच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हां सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. त्या बंदीमागें जरब होती. आणि जरब ओसरली म्हणजे व्यसन मागल्या दारानें परत येतें.

पुढें 2008 साली महाराष्ट्र शासनानें जरबेऐवजीं मताचें साधन हातीं दिलें. गांवांतील अथवा शहराच्या प्रभागांतील एकचतुर्थांश स्त्री-मतदारांनीं लेखी मागणी केली, तर परवान्याच्या दुकानाविषयीं गुप्त मतदान होतें. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहावें, आडवी म्हणजे बंद व्हावें. येथें एक मर्म ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बहुमत मोजावयाचें तें झालेल्या मतांचें नव्हे, तर यादींतील समस्त स्त्रियांचें. यादींत 1,000 स्त्रिया आहेत असें धरल्यास मागणीस 250 सह्या व विजयास 501 मतें लागतात. 600 जणी आल्या आणि 450 जणींनीं बाटली आडवी केली, तरी दुकान उघडेंच! घरीं बसलेल्या स्त्रीचें मौन दुकानदाराच्या पारड्यांत पडतें. म्हणून या लढ्याचा खरा भार प्रचारसभेवर नसून दारोदार जाऊन शेजारणीला सोबत घेण्यावर आहे.

परंतु दुकान बंद झालें म्हणजे पिणारा बरा झाला, असें मात्र नव्हे. वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातांस कंप सुटतो, कांहींना झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगीं प्राणही धोक्यांत येतो. त्यास खोलींत कोंडणें किंवा शपथेवर सोडून देणें हा उपाय नव्हे. त्यास वैद्यकीय देखरेख हवी. साताऱ्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं उभ्या केलेल्या ‘परिवर्तन’ संस्थेनें व्यसनमुक्तीचें कार्य हातीं घेतलें, तें व्यसन हा आजार मानूनच. पुण्यास 1986 साली डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. तेथें रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीसही आधार देण्याची प्रथा पडली. अमेरिकेंत 1935 साली जन्मलेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मंडळांतही एक व्यसनमुक्त मनुष्य दुसऱ्याचा हात धरतो, आणि कोणाचेंही नांव चव्हाट्यावर येत नाहीं.

सुटलेलें व्यसन पुन्हां जडलें, तर तो केवळ निश्चयाचा पराभव समजूं नये. मधुमेहाप्रमाणें हाही उलटणारा आजार आहे. उपचार पुन्हां सुरू करावा लागतो, इतकेंच.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबें हा प्रश्न खेड्याचा समजतात. वस्तुतः त्यांच्या दिवाणखान्यांत तो पडद्याआड असतो, म्हणून उपचारास अधिक विलंब लागतो. गांवची स्त्री निदान उघड्यावर येऊन मत देते. शहरांतील घरानें आपल्या माणसाचा आजार वेळेवर डॉक्टरांच्या कानीं घातला, तरी पुष्कळ संसार वांचतील.