जुना पडदा आणि लहान संगणक



आपल्यापैकी पुष्कळांच्या शाळेत एखादा जुना टीव्ही किंवा कचेरीतून बाद झालेला संगणकाचा पडदा धूळ खात पडलेला असेल. रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा संगणक त्याला जोडून वर्गात उपयोग करता येईल काय, असे मला वारंवार विचारण्यात येते. येईल, परंतु कोणता पडदा कशाने जोडावयाचा, याचा विचार बाजारात जाण्यापूर्वीच केला पाहिजे. हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलो आहे.

मी गिरगावात राहतो. तेथून लॅमिंग्टन रोड पायी जाण्याच्या अंतरावर. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. एके काळी हा रस्ता मोठ्या पडद्यांचा होता. येथील मिनर्व्हा चित्रपटगृहात १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षे चालला. आज तो इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून मी एकदा एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी स्वस्त साधी केबल आणली. घरी येऊन जोडली, तो पडदा काळाच! दोन दिवस मी संगणकालाच दोष देत बसलो.

दोष माझ्या समजुतीचा होता. एचडीएमआयच्या वाटेने चित्र अंकांच्या रूपाने जाते. व्हीजीए पडद्याला ते विद्युत्दाबाच्या चढउतारांच्या रूपाने हवे असते. नुसती तार म्हणजे दोन निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांमधील दोरी. तेथे दुभाषा पाहिजे. तो दुभाषा म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चकती असलेला कन्व्हर्टर. मागताना तोच मागावा.

म्हणून प्रथम पडद्याच्या पाठीकडे पाहावे. तीन ओळींत पंधरा छिद्रे असलेली, बहुधा निळी खाच म्हणजे व्हीजीए. रुंद, पांढरी, डीव्हीआय नावाची खाच असेल तर काम सोपे. तिची भाषाही अंकांचीच असल्याने साधी केबल पुरते, आवाजाची सोय मात्र सामान्यतः वेगळी करावी लागते. नव्या टीव्हीला एचडीएमआय असतेच. पण २०१९ च्या चौथ्या व २०२३ च्या पाचव्या आवृत्तीतील संगणकाची खाच बारीक, मायक्रो-एचडीएमआय आहे. अशा खाचा दोन असतात. एकच पडदा असेल तर वीज आत येते तिच्या लगतची खाच वापरावी.

जुन्या टीव्हीला पिवळी गोल खाच असते. २०१२ च्या पहिल्या संगणकालाही ती होती. २०१४ पासून पुष्कळ आवृत्त्यांत तिचे काम आवाजाच्या गोल छिद्रातूनच होऊ लागले. पाचव्या आवृत्तीत ते छिद्रच नाही. येथे चार भागांच्या टोकाची केबल लागते, आणि बाजारातील सर्व केबलींत त्या भागांचा क्रम सारखा नसतो. शिवाय आपले टीव्ही पाल पद्धतीचे, तर संगणक मूळ मांडणीत अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीचे चित्र पाठवितो. चित्र करडे दिसले किंवा सरकू लागले, तर मेमरी कार्डावरील मांडणीच्या फाइलीत ती पद्धत बदलावी. टीव्हीची पाठ मात्र कोणीही उघडू नये. काचेच्या नळीच्या टीव्हीत वीज बंद केल्यावरही प्राणघातक दाब साठून राहतो.

जोडणीनंतर आधी पडदा सुरू करावा, मग संगणक. सुरू होताना संगणक पडद्याला त्याची मापे विचारतो. पडदा झोपलेला असेल तर उत्तर मिळत नाही.

चित्र उमटले की आपण हुरळून जातो, आणि खरी अडचण तेथून पुढे आहे. एका वर्गात मी असा जुना टीव्ही लावला. पुढची मुले आनंदाने वाचू लागली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी ‘रंग’ या शब्दाचे ‘रग’ असे वाचत होती. मुलगी वाचनात कच्ची नव्हती. पिवळ्या खाचेतून येणाऱ्या पुसट चित्रात तो अनुस्वारच गेला होता. असे टीव्ही चित्राच्या कडाही थोड्या कापतात. इंग्रजी मजकुराचे त्यात फारसे बिघडत नाही. आपल्या पहिल्या ओळीवरची वेलांटी आणि रफार मात्र नाहीसे होतात. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला पडद्यावर दिसते तेच शुद्ध वाटते, ही गोष्ट आपणांस सांगावयास नको.

यासाठी चारी बाजूंना समास सोडावा, एका वेळी पाच-सहा ओळींहून अधिक मजकूर घालू नये, अक्षर जाड व मोठे ठेवावे. ‘दिन’ व ‘दीन’, ‘रग’ व ‘रंग’ अशा जोड्या पडद्यावर घालून शेवटच्या बाकावरच्या मुलाकडून वाचून घ्याव्यात. त्याला भेद दिसला नाही, तर त्या टीव्हीवर चित्रे दाखवावीत आणि वाचनपाठ फळ्यावर घ्यावा. कन्व्हर्टर लावलेला व्हीजीए पडदा आकाराने लहान असला, तरी अक्षराच्या बाबतीत तो मला जुन्या टीव्हीपेक्षा कितीतरी विश्वासाचा वाटतो. पाच-सहा मुलांचा गट करून त्यापुढे बसवावा.

लॅमिंग्टन रोडवर यावयाचे झाल्यास ग्रँट रोड स्थानकावर उतरावे. पडद्याच्या पाठीचे आणि संगणकाच्या कडेचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन यावे. गर्दीच्या वेळी दुकानदाराला खाचेचे वर्णन ऐकण्यास सवड नसते.