द्रव्यशास्त्र आणि आपले रोजचे जीवन



आजच्या विषयाचे नाव अवघड वाटते. पण विषय आपल्या घरातलाच आहे. वस्तू ज्या द्रव्याची बनते ते कठीण का, ठिसूळ का, गंजते का, हे शोधणारे शास्त्र म्हणजे द्रव्यशास्त्र. इंग्रजीत मटेरियल्स सायन्स. त्याचे सार दोन प्रश्नांत आहे. यात काय मिसळले आहे? आणि यावर कोणती प्रक्रिया झाली आहे?

पहिला प्रश्न आपल्या जिल्ह्याला जुना आहे. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला खोदताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार ओतीव शिल्पे सापडली. त्यांच्या धातूत आर्सेनिक आढळले आणि त्यावरूनच ती किती जुनी, याबद्दल संशोधकांत वाद झाला. पुढे १५४९ साली, निजामशाहीत, नगरला मलिक-ए-मैदान तोफ ओतली गेली. ती आज विजापूरला आहे. तिचे वजन पन्नास टनांच्या वर. धातू सुमारे चार भाग तांबे, एक भाग कथील. शुद्ध तांबे मऊ असते, कारण त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. वेगळ्या आकाराचे अणू मध्ये आले की ही घसरण अडते व धातू कठीण होतो. तेच कथील पितळी भांड्यांना कल्हई म्हणून लावतात. म्हणून ताक, आमटी कळकत नाही.

दुसरा प्रश्न प्रक्रियेचा. ऊसतोडीचा कोयता लोहार लालबुंद तापवून पाण्यात बुडवतो. यालाच पाणी पाजणे म्हणतात. त्याने धार कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून तो पुन्हा बेताने शेकतो. पोलाद तेच, गुण मात्र बदलले.

आता माझीच चूक सांगतो. आम्ही घराचा स्लॅब ऐन उन्हाळ्यात टाकला. गावात पाण्याचा टँकर. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "स्लॅब वाळला, आता पाणी कशाला?" मीही पाणी थांबवले. पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागले. नंतर अभ्यास केला तेव्हा कळले की सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. पाणी आधीच उडून गेले, तर ती क्रिया अर्धवट राहते. कालवताना मात्र जादा पाणी घालू नये. त्याने काँक्रीट कमजोर होते. स्लॅब किमान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस ओला ठेवावा. पाणी कमी असेल तर ओली गोणपाटे अंथरून वर प्लॅस्टिकचा कागद टाकावा. आयुष्याची पुंजी घालून घरकुल बांधणाऱ्याला एवढी माहिती नसेल, तर नुकसान त्याचेच होते.

मित्रांनो, तोफ ओतणारे, कोयत्याला पाणी पाजणारे हात ज्ञानी होते. पण ते ज्ञान बहुधा वहीत उतरले नाही. आपल्यातील कित्येकजण आज बांधकामावर पाट्या वाहतात. त्यांच्या मुलामुलींनी आयटीआयला जावे, डिप्लोमा करावा, इंजिनिअर व्हावे. पण पाटी वाहणाऱ्यालाही त्या पाटीत काय आहे हे माहीत असावे. वस्तू हाती आली की ते दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या.