सांधेदुखी आणि रक्ताचा अहवाल



ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात आरोग्य शिबिर भरविताना आलेल्या सर्वांचीच 'आर. ए. फॅक्टर' ही रक्ततपासणी उरकून घ्यावी, असा विचार कोणाच्याही मनात सहज येईल. हेतू चांगला आहे. हिशेब मात्र उलटा पडतो.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली हाती घेतलेल्या पाहणीत प्रौढांमध्ये या रोगाचे प्रमाण हजारी सुमारे ५ आढळले. 'आर. ए. फॅक्टर' हे प्रतिपिंड नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० साली दाखवून दिले. ते सुमारे ७० टक्के रोग्यांत सापडते. पण सुमारे ५ टक्के निरोगी माणसांतही सापडते, आणि क्षय व कुष्ठरोगातही. म्हणजे हजार प्रौढांची सरसकट तपासणी केल्यास तीन-चार खऱ्या रोग्यांबरोबर पन्नासएक निरोगी माणसांच्या हाती 'पॉझिटिव्ह' असा कागद पडेल. एकदोन खरे रोगी तर 'काही नाही' या समजुतीने घरी जातील. हे नुकसान अधिक मोठे. कारण उपचाराविना गेलेल्या काळात सांध्यांची झीज होते आणि वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

१९९८ नंतर पुढे आलेली 'अँटी-सीसीपी' तपासणी अधिक नेमकी आहे. तथापि तीही सुमारे एक तृतीयांश रोग्यांत नकारार्थी येते. २०१० सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत १० पैकी ६ गुण लागतात. त्यांत प्रतिपिंडांना जास्तीत जास्त ३ आणि सांध्यांच्या तपासणीला ५ गुण आहेत; आणि निदान एक सांधा सुजलेला नसेल, तर गुण मोजायचेच नसतात. केवळ रक्तावरून निदान होतच नाही.

तेव्हा शिबिरात सुईपेक्षा प्रश्न आधी हवेत. सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडतात काय? दोन्ही हातांचे सांधे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेले आहेत काय? डब्याचे झाकण लावताना, फळ्यावर खडू धरताना त्रास होतो काय? स्त्रियांना हे प्रश्न आवर्जून विचारावेत. त्यांच्यात हा रोग पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि घरकामाचा शीण म्हणून तो अंगावर काढलाही जातो. चिकुनगुन्याचा ताप येऊन गेला होता काय, हेही विचारावे. त्यानंतरही सांधे महिनोन्‌महिने दुखतात.

ज्यांची उत्तरे होकारार्थी येतील त्यांना चिठ्ठी देऊन कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांपैकी जवळच्या ठिकाणी पाठवावे. कोणती रक्ततपासणी करावयाची, हे सांधे पाहून तेथील डॉक्टर ठरवितील.