विधवेचें कुंकू आणि विधवेचें घर

इसवी सन १८५६ च्या जुलै महिन्यांत हिंदु विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता मिळाली. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं शास्त्राधार दाखवून केलेल्या खटपटीचें तें फळ होतें. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानें असें ठरविलें कीं, पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टांत यावा. एका हातानें कुंकू दिलें आणि दुसऱ्या हातानें घर काढून घेतलें.

महाराष्ट्रांत ह्या प्रश्नाचीं दोन निराळीं रूपें होतीं. ब्राह्मणादि वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत मुलीचें लग्न पुष्कळदां आठव्या-दहाव्या वर्षीं होई. दैवयोगानें पति वारला, तर केशवपन, आलवण, एक वेळचें जेवण आणि घरांतील अखंड राबणूक तिच्या वांट्यास येई. तिच्या हातचा सोंवळ्यांतील स्वयंपाक देवास चाले. शुभकार्यास निघतांना तिचें दर्शन मात्र चालत नसे!

शेतकरी व कारागीर जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती. तिला लग्नाची प्रतिष्ठा नव्हती; तो विधि बहुधा रात्रीं, सुवासिनींच्या दृष्टीआड उरकीत. तथापि स्त्रीला पुन्हां संसार मिळे. ह्या जातींना नव्या कायद्याची गरजच नव्हती. असें असतां, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या उच्च न्यायालयानें तें दुसरें कलम त्यांनाहि लागू केलें. अलाहाबादच्या न्यायालयाचा कौल याच्या उलट होता. म्हणजे कायदा एकच. पण प्रांत बदलला कीं विधवेचा हक्क बदले.

वाट मोकळी झाली तरी तीवरून चालणारे थोडेच निघाले. ज्योतिराव फुले यांना १८६३ सालीं पुण्यास बालहत्या-प्रतिबंधक गृह काढावें लागलें, यांतच विधवांच्या असहायतेची साक्ष आहे. ११ मार्च १८९३ रोजीं धोंडो केशव कर्वे यांनीं शारदासदनांतील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं विवाह केला, तेव्हां मुरूडच्या ग्रामस्थांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढें १८९६ सालीं कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला. विवाह होवो वा न होवो, विधवेनें विद्येच्या बळावर स्वतःच्या पायांवर उभें राहावें, हा त्यामागील हेतु होता.

मिळकतीची गांठ सुटण्यास याहून अधिक काळ लागला. १९३७ च्या कायद्यानें विधवेस पतीच्या मिळकतींत केवळ हयातीपुरता हिस्सा मिळाला. १९५६ च्या वारसा कायद्यानें ती पूर्ण मालक झाली. १८५६ चा कायदा तर १९८३ सालीं रद्दच झाला.

तरीहि २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीस, पतिनिधनानंतर कुंकू पुसणें व बांगड्या फोडणें बंद करावें, असा ठराव करावा लागला. कायद्याचा अंमल न्यायालयांत चालतो. रूढीचा अंमल माजघरांत चालतो. हळदीकुंकवाच्या दिवशीं घरांतील विधवेपुढें करंडा धरण्यास कोणत्याहि कायद्याची आडकाठी नाहीं. तो धरणारा हात तेवढा घरांतूनच पुढें आला पाहिजे.